जबाबदारी वॉर्डात, अधिकार कुठे?

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार नोंदणीकृत नर्स होत्या. म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. हे प्रमाण पाचशे माणसांमागे एक इथवर आणावे असे समितीने सुचवले आणि त्यासाठी साधारण पंचवीस वर्षांची मुदत धरली. हे प्रमाण एका जिल्ह्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती. भोर समितीचा हिशेब लावला तर या एका जिल्ह्यालाच नऊ हजारांहून जास्त नर्स लागतात. अख्ख्या देशात तेव्हा होत्या त्याहून अधिक.

या अहवालातला आकडा पुष्कळांनी सांगितला. त्याच्या शेजारचा मजकूर मात्र मागे पडला. नर्सचे काम करणाऱ्या बायकांना पगार अपुरा मिळतो, राहण्याची सोय वाईट असते, हाताखाली माणसे नसतात, मान मिळत नाही, हेही समितीने लिहून ठेवले होते. पुढे १९५४ साली शेट्टी समितीने नर्सच्या पगाराचा आणि नोकरीच्या अटींचा स्वतंत्र विचार केला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने एएनएमला, म्हणजे गावपातळीवरच्या सहायक परिचारिकेला, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी केले. १९८७ साली उच्चाधिकार समिती नेमली गेली; पुढे सरोजिनी वरदप्पन तिच्या अध्यक्ष झाल्या. या समितीने १९८९ साली कामाचे तास, निवासाची सोय, नर्सवर पडणारी बिनशुश्रूषेची कामे आणि संचालनालयापर्यंत नर्सिंगची स्वतंत्र पदे या सगळ्यांवर शिफारशी केल्या. अहवालांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे की या शिफारशींपैकी शिक्षणाच्या शिफारशी आपण उचलल्या, अधिकाराच्या शिफारशी कागदावर ठेवल्या. कॉलेज काढायला इमारत लागते, मान्यता लागते, फी भरणारे पालक लागतात. ते सारे जमते. अधिकार द्यायचा तर आज तो ज्याच्या हातात आहे त्याला थोडा सोडावा लागतो. तिथे सत्तर-पंचाहत्तर वर्षे गाडी अडली आहे.

शिक्षणाची बाजू लहान नाही, हेही मनापासून सांगायला हवे. नगर जिल्ह्यात आधुनिक शुश्रूषा आणली ती मिशनच्या दवाखान्यांनी. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. सॅल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलचे नाव आजही शहरात कुणालाही विचारले तर माहीत असते. ज्या काळी घरातल्या विधवेला नाहीतर परित्यक्तेला ‘नर्सबाई’ होण्याखेरीज सन्मानाने पोट भरायची दुसरी वाट नव्हती, त्या काळात या रुग्णालयांनी ती वाट दिली. नंतर सहकाराच्या पैशातून आणि हिमतीतून प्रवरा परिसर उभा राहिला. लोणीच्या प्रवरा मेडिकल ट्रस्टच्या संस्थांना २००३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि नर्सिंगची पदवी, पदव्युत्तर पदवी राहाता तालुक्यातल्या एका गावात मिळू लागली. शेतकऱ्याच्या, ऊसतोड मजुराच्या मुलीने एमएस्सी नर्सिंग करणे ही भोर समितीच्या काळात कल्पनेतही न बसणारी गोष्ट होती.

पण ही मुलगी शिकून वॉर्डात येते तेव्हा काय होते? भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष सांगतो की शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेमागे एक नर्स हवी; वर रजेसाठी तीस टक्के जादा माणसे हवीत. सरकारी दवाखान्यात ज्याने आपले माणूस घेऊन एक रात्र काढली आहे, त्याला हा निकष आणि समोरचा वॉर्ड यांतले अंतर सांगावे लागत नाही. त्यात औषधांचे इंडेंट, चादरींचा हिशेब, रजिस्टरे, ऑनलाइन नोंदी, व्हीआयपी राउंडची तयारी. खासगीकडे पगाराचाच प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ साली सांगितले की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्यावा आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली जाऊ नये. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये आज जाऊन तिथल्या सिस्टरला पगार विचारावा. ती शिफारस कुठपर्यंत पोहोचली ते कळेल.

६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशीच अकरा रुग्णांचा जीव गेला. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली होती. भंडाऱ्यात नर्सवर कारवाई झाली. नगरमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांना निलंबित केले गेले आणि थोड्याच दिवसांत पोलिसांनी एक महिला वैद्यकीय अधिकारी व तीन नर्सना अटक केली. नर्सच्या संघटना रस्त्यावर आल्या.

कुणाचा किती दोष, हे न्यायालय ठरवील आणि त्यानेच ठरवावे. गेलेल्या माणसांच्या घरच्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. मी विचारतो ते निराळे. अतिदक्षता विभाग कुठल्या इमारतीत करायचा, विजेचा भार किती, वायरिंग कुणी तपासले, आग विझवणारी यंत्रणा बसली का, तिच्यासाठी निधी कधी येणार, बाहेर पडायला दुसरे दार आहे का, यांतल्या एकाही निर्णयाच्या टेबलावर नर्सला खुर्ची असते का? अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) परिसेविकेला (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरला) सांगते, परिसेविका अधिसेविकेला (मेट्रनला) सांगते, अधिसेविका पत्र लिहिते. पुढे ते पत्र फाइलमध्ये लागते. अधिसेविका म्हणजे रुग्णालयातल्या सर्वांत मोठ्या मनुष्यबळाची प्रमुख. तिला सूचना देता येते, खाट बंद करता येत नाही. पुरेशा नर्स नाहीत म्हणून नवा रुग्ण दुसरीकडे पाठवा, असे म्हणायचा हक्क तिला नाही. जबाबदारी मात्र खाली वॉर्डापर्यंत सुरळीत पोहोचते.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, १९७० पासून वेगळे काही घडले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरुवातीला शिकलेल्या एएनएम गावोगाव ठेवून पाहिल्या. ते जमेना. एकट्या तरुण मुलीला परक्या गावात राहणे अवघड, आणि गावाचाही तिच्यावर विश्वास बसत नव्हता. मग गावाने निवडलेल्या बायकाच आरोग्याचे काम शिकू लागल्या. कित्येक दलित, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. दर आठवड्याला जामखेडला येऊन त्या शिकत, गावात घडलेले एकमेकींना सांगत, चुकले तिथे पुन्हा शिकत. बाळंतपण, हगवण, बाळाचे वजन, टीबीचे औषध. फिरत्या पथकातली नर्स त्यांच्या मागे उभी असे. तिचे काम हुकूम पाळण्याचे राहिले नाही. ती शिक्षिका झाली, अडल्या वेळी विचारायची जागा झाली. १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती, ती संख्या नव्वदच्या दशकात तीसच्या खाली आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले, आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडची नक्कल सरकारला जशीच्या तशी करता येणार नाही, हे मान्य. तिथे दोन डॉक्टरांनी आपणहून अधिकार वाटून दिला. शासन निर्णयाने अशी वृत्ती येत नाही. पण आपण तिथून काय घेतले ते पाहा. २००५ नंतर गावोगाव ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या आल्या. गावातली बाई घेतली, तिच्या हाती कामाची यादी दिली, कामाप्रमाणे मोबदला ठरवला. दर आठवड्याचे शिक्षण आणि गावात निर्णय घेण्याची मुभा मागे राहिली.

हा अडथळा आपल्यापुरता नाही. अमेरिकेत २०१० साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने म्हटले की नर्सने आपल्या शिक्षणाच्या पूर्ण मर्यादेपर्यंत काम करावे आणि २०२० पर्यंत ऐंशी टक्के नर्स पदवीधर व्हाव्यात. पदवीधरांचे प्रमाण तिथे वाढत गेले. स्वतंत्रपणे तपासणी आणि उपचार करण्याचा हक्क मात्र अनेक राज्यांच्या कायद्यांत आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या विरोधात अडकून राहिला.

आपल्याकडे २०१८ मध्ये समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. उपकेंद्रावर बीएस्सी किंवा जीएनएम झालेली नर्स, सहा महिन्यांचा कोर्स करून, रक्तदाब-मधुमेहाचे रुग्ण सांभाळू शकते. महाराष्ट्रात ही पदे आयुर्वेदाच्या पदवीधरांनाही खुली केली गेली आणि नेमणुका कंत्राटी ठेवल्या गेल्या. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर बसणाऱ्या नर्सला दर वर्षी करार टिकेल की नाही याची धास्ती असेल, तर तिच्याकडून नेतृत्वाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

२०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला; भारतीय नर्सिंग परिषदेच्या १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा तो घेणार, असे ठरले. आयोगाच्या अध्यक्षपदी नर्सिंगमधलीच, वीस वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती असावी, हे त्यात आहे. चांगले आहे. पण हा कायदाही मुख्यतः अभ्यासक्रम, प्रवेश आणि नोंदणी यांचा आहे. वॉर्डातला अधिकार राज्याच्या हाती आहे. तेव्हा महाराष्ट्राने जिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात करावी. नर्स-रुग्ण प्रमाण बिघडले तर खाटा तात्पुरत्या बंद करण्याचा लेखी अधिकार अधिसेविकेला द्यावा. अग्निसुरक्षा आणि खरेदीच्या समित्यांवर तिला मताधिकारासह जागा द्यावी, आणि तिने पाठवलेल्या प्रत्येक धोक्याच्या पत्राला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे जिल्हा शल्यचिकित्सकांवर बंधनकारक करावे. वॉर्डाच्या गरजेसाठी एक ठरावीक रक्कम तिच्याच सहीने खर्च व्हावी. हे आधी नगरच्या जिल्हा रुग्णालयात सुरू व्हावे, अशी माझी मागणी आहे.