सांध्याची साक्ष

धातूचे दोन तुकडे जोडणाऱ्या माणसाच्या हातून एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. एक सांधा घडतो, आणि त्या सांध्याचे रूप घडते. भार सांधा वाहतो. डोळ्यांना भेटते ते रूप. बहुतेक हस्तव्यवसायांत या दोहोंमध्ये फारसे अंतर पडत नाही. शिवणीचा टाका वाकडा गेला, तर तो वाकडा दिसतो आणि लवकर उसवतोही. वेल्डिंगमध्ये मात्र हे अंतर पडू शकते. आणि ज्या एका लहानशा कृतीने ते पडते, तिच्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे.

टिग या नावाने ओळखली जाणारी वेल्डिंगची पद्धत १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील विमान कारखान्यांत पुढे आली. मॅग्नेशियमसारखा चटकन पेट घेणारा धातू जोडण्याची निकड तिच्यामागे होती. टॉर्चच्या टोकाशी टंगस्टनची सुई असते. ती स्वतः जोडात मिसळत नाही; तिच्यापासून निघणारा विजेचा झोत खालच्या धातूचे लहानसे तळे करतो, आणि हवा लागू नये म्हणून त्याभोवती आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूचे आवरण धरलेले असते. दुसऱ्या हाताने वेल्डर फिलरची तार त्या तळ्यात थेंबाथेंबाने देत पुढे सरकतो. प्रत्येक थेंबाची एक वर्तुळाकार कड थिजते, आणि साधलेल्या हाताखाली नाण्यांची चवड आडवी निजवावी तशी रेघ उमटत जाते. पण हात जरा थरथरला, तार क्षणभर उशिरा पोहोचली, की ती लय मोडते. अशा वेळी एक सोपा उपाय हाताशी असतो. फिलर न देता तोच जोड टॉर्चखाली पुन्हा वितळवीत न्यायचा. उंचवटे बसतात, कडा निवळतात, रेघ गुळगुळीत होते. पाहणारा समाधानाने मान डोलावतो. प्रश्न एवढाच, की हे करावे काय?

रूपाचा कैवार घेणाऱ्याची बाजू पोकळ नाही. जोडाची समान रेघ ही स्थिर हाताची, सारख्या वेगाची आणि योग्य प्रवाहाची खूण असते. अनुभवी तपासनीस सर्वांत आधी तिच्याकडेच पाहतो, ते उगीच नव्हे. शिवाय काही ठिकाणी रूप हेच कार्य असते. दुधाच्या नळीची आतली बाजू गुळगुळीत असावी लागते ती डोळ्यांसाठी नव्हे, तर खाचेत दूध अडकून जंतूंना घर मिळू नये म्हणून. आपल्या हातचे काम देखणे असावे, या इच्छेत एक प्रकारचा आत्मसन्मानही असतो. ज्याला ओबडधोबडपणाची लाज वाटत नाही, तो आतल्या दोषाची लाज बाळगील, याची खात्री कोणी द्यावी?

परंतु धातूची बाजूही ऐकावी लागते. आणि धातू उष्णता विसरत नाही. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातील क्रोमियममुळे. त्याच्या सर्वाधिक प्रचारातील प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. हे पोलाद साधारणपणे ४२५ ते ८१५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जितके रेंगाळेल, तितका त्यातला कार्बन क्रोमियमला आपल्याकडे ओढतो. धातूच्या कणांच्या सीमांवर त्यांचे संयुग साठते, शेजारचा पट्टा क्रोमियमला पारखा होतो, आणि गंजाला तिथूनच वाट मिळते. कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत ठेवलेल्या जातीत हा धोका बराच कमी असतो, पण वापरात सर्वत्र तीच असते असे नाही. जोड पुन्हा वितळवला, की त्याच्या दोन्ही बाजूंचा धातू या पट्ट्यातून पुन्हा एकदा जातो. पातळ पत्रा अधिक वाकतो; उष्णोपचाराने कणखर केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा मऊ पडलेला भाग आणखी रुंदावतो. यांतले काहीही वरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. रूप सुधारते आणि सांधा खालावतो. दोन्ही एकाच झोतात.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. जोडात हवेचे सूक्ष्म छिद्र राहिले असेल, तर वरवरच्या वितळण्याने छिद्राचे तोंड बुजते. छिद्र तिथेच राहते. तडे शोधण्यासाठी जोडावर रंगीत द्रव पसरून पुसून घेण्याची एक चाचणी आहे. पृष्ठभागापर्यंत आलेल्या फटीत तो द्रव शिरतो आणि मग बाहेर डोकावून दोष सांगतो. तोंड मिटलेला दोष या चाचणीला दिसत नाही. एक्स-रे त्याला गाठू शकतो, पण प्रत्येक जोडाचा एक्स-रे कोण काढतो? खऱ्या दुरुस्तीचा मार्ग वेगळा आणि कष्टाचा आहे. ग्राइंडरने दोष मुळापर्यंत खरवडून काढायचा आणि ती जागा नव्याने भरायची. त्या मार्गाने जाणारा दोषाला आधी उघडा करतो. सोप्या मार्गाने जाणारा त्याला झाकतो.

इथवर विचार आला, की पुन्हा वितळवणे हेच वाईट, असा निवाडा द्यावासा वाटतो. पण वस्तुस्थिती तशी नाही. वारंवार हेलकावे सोसणाऱ्या पोलादी बांधणीत जोडाची कड जिथे मूळ पत्र्याला मिळते, तिथे ताण एकवटतो आणि बहुतेक तडे तिथूनच निघतात. ती कड टिगच्या झोताखाली मुद्दाम वितळवून तिला सौम्य वळण देण्याची एक मान्य प्रक्रिया आहे. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींनुसार ठरावीक अटी पाळून हे केले, तर जोडाला सोसवणाऱ्या ताणाच्या चढउताराचा पल्ला १.३ पट धरता येतो. म्हणजे तोच टॉर्च, तेच वितळणे, फिलरही नाही. आणि तरी इथे सांधा सुधारतो.

तेव्हा भेद कृतीत नाही. तो केवळ हेतूतही नाही, कारण चांगल्या हेतूने केलेली उष्णताही धातूला बाधते. भेद आहे तो या कृतीने नेमके काय बदलते यात. तिने सांधा बदलत असेल, तर ती उपचार आहे. तिने सांध्याविषयीची साक्ष तेवढी बदलत असेल, तर ती खोटी साक्ष आहे. पहिलीची नोंद करायला कोणी कचरत नाही. तिची रीत लिहून ठेवलेली असते, तिच्या अटी सांगितलेल्या असतात. दुसरी कृती मात्र नोंदीवाचून, तपासनीस येण्याच्या आत उरकली जाते. जी दुरुस्ती सांगता येत नाही, ती दुरुस्ती नव्हे, एवढी साधी कसोटी इथे पुरेशी ठरते. जॉन रस्किनने १८४९ साली वास्तुकलेच्या सात दीपांविषयी लिहिताना सत्य हा त्यांतला एक दीप मानला, आणि जे साहित्य वा जी घडण नाही तिचा आभास निर्माण करण्याला फसवणूक म्हटले. त्याच्यासमोर दगड आणि लाकूड होते. वितळलेल्या धातूलाही हा न्याय तितकाच लागू पडतो.

रूप आणि सत्य यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, हे पुण्याच्या तांबट आळीने फार पूर्वीच दाखवून दिले आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने जे मठारकाम करतात, त्याच्या ठोक्याठोक्याने धातू घट्ट होतो, आणि तेच ठोके भांड्यावर प्रकाशाचे असंख्य कवडसे उमटवतात. तिथे शोभा कामावर चढवलेली नसते, ती कामातूनच निघालेली असते. कल्हईची गोष्टही अशीच. ती भांड्याला उजळवते खरी, पण आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागून कळकू नये, हे तिचे खरे प्रयोजन. चकाकी ही त्या प्रयोजनाची पावती.

दृष्टीआड राहिलेल्या दोषाची किंमत कोण देतो, याचे उत्तर उत्तर समुद्राने १९८० साली दिले. त्या वर्षी २७ मार्चच्या संध्याकाळी, नॉर्वेच्या एका कादंबरीकाराचे नाव धारण करणारा ‘अलेक्झांडर एल. किएलँड’ हा तरंगता निवासी मंच वादळात उलटला. त्यावर असलेल्या २१२ माणसांपैकी १२३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले, की मंचाचा एक पाय धरून ठेवणारा आडवा नळ थकव्याच्या तड्याने तुटला होता, आणि त्या तड्याचा उगम एका उपकरणाचा आधार बसवण्यासाठी केलेल्या अवघ्या ६ मिलिमीटरच्या जोडात होता. तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. मंच समुद्रात जाण्यापूर्वी, रंग लावला जात असतानाच, तडा तिथे होता. रंग त्यावरून फिरला आणि आतही उतरला. इथे कोणी जोड पुन्हा वितळवला नव्हता, किंवा कोणी जाणूनबुजून काही लपवले असेही म्हणता येत नाही. पण वरचे आवरण नीट झाले म्हणजे काम झाले, या समजुतीची अखेर कुठे होऊ शकते, ते त्या रंगाच्या अंशांनी सांगून ठेवले.

या प्रश्नात सारा दोष टॉर्च धरणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जो ग्राहक केवळ रेघ पाहून दाम ठरवतो, जो मालक ओबडधोबड पण भक्कम जोडाला नाके मुरडतो आणि देखण्या जोडाखाली काय आहे हे विचारत नाही, तो वेल्डरला पुन्हा टॉर्च पेटवायला शिकवत असतो. पाहणाऱ्याची नजर उथळ असेल, तर करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर तिचा भार पडतो. तो भार पेलणारे असतात. पण त्यांच्या निष्ठेवर विसंबून राहणे हा समाजाने काढलेला स्वस्त मार्ग आहे.

आणि तरीही शेवटचा निर्णय काचेच्या काळ्या मुखवट्याआड एकट्या माणसालाच घ्यावा लागतो. त्या शिडीवर उद्या चढणारा, त्या नळीतले दूध पिणारा त्या क्षणी तिथे नसतो. त्याचे म्हणणे मांडायला कोणी नसते. आपला वाकडा पण भक्कम जोड तसाच राहू देऊन बोलणी खाणारा, किंवा दोष दिसताच सगळे खरवडून पुन्हा आरंभ करणारा वेल्डर त्या अनुपस्थित माणसाशी बोललेला शब्द पाळत असतो. हा शब्द कधी उच्चारलेला नसतो, म्हणून तो कमी बंधनकारक होत नाही.