कोयत्याचे ऋण



गेल्या कार्तिकी एकादशीस एका साखर कारखान्याजवळ आमची कीर्तनसेवा होती. तिन्हीसांजेस फडातून कोपीकडे निघालेली एक बाई वाटेत भेटली. डोक्यावर वाढ्यांचा भारा. आम्ही म्हटले, "माय, आज एकादशी. कीर्तनाला ये हो." ती म्हणाली, "आले असते महाराज, पर रातच्याला गाडी भरायची हाय. खाडा झाला तर इठोबा माफ करंल, मुकादम न्हाई करायचा."

त्या रात्री आमच्या तोंडून शब्द नीट निघेना.

बीडकडची ही माणसे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पोटे दोन, पण हिशेबात कोयता एकच. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे आणि उन्हाळ्यापर्यंत ती अंगमेहनतीने फेडायची. एक दिवस अंथरुणास खिळले की दंड! २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाड्याची धास्ती हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले.

दुसरे दिवशी एका संचालकांजवळ आम्ही विषय काढला. ते म्हणाले, "महाराज, ती माणसं आमची नव्हेत, मुकादमाची."

आता न्यायशास्त्र काय सांगते पाहा. मडके घडताना कुंभाराची काठी चाक फिरवते, पण मडके काठीने केले असे कोणी म्हणतो काय? कर्ता कुंभारच. मुकादम ही काठी. ती धरणारा हात कोणाचा? करणाऱ्याबरोबर करविणारा आणि पाहून गप्प बसणारा, हेही पापाचे वाटेकरी होत. संयुक्त राष्ट्रांनी २०११ साली उद्योगांसाठी तत्त्वे मान्य केली, त्यांचाही भाव हाच, की ज्यांच्यामार्फत काम करून घेता त्यांच्या हातून होणाऱ्या अन्यायाकडेही उद्योगाने डोळेझाक करू नये.

पण संचालकांकडे बोट दाखवून आपण सुटलो काय? सहकारी कारखान्याचा सभासद कोण? आपलाच माळकरी शेतकरी! तेव्हा बाबांनो, वार्षिक सभेत साखरेचा उतारा विचारता, उसाचा भाव विचारता, तसे एकदा हेही विचारा: तळावर पिण्याचे पाणी आहे का? बायांना आडोसा आहे का? दुखण्याच्या दिवशी दंडाविना विसावा मिळतो का? उचलीचा हिशेब त्यांना वाचून दाखवतात का?

एकादशीचा उपवास आपण करतो, आणि द्वादशीला गोड घास घेतो. त्या घासातली साखर कोणाच्या खाड्याची आहे, एवढे विचारल्यावाचून तो घास विठोबापुढे ठेवू नये, असे आम्हांस वाटते.

रामकृष्णहरि.