वर्गातलं एकही तोंड का उघडलं नाही?

वह्या मिटा. हा तास भूगोलाचा असला तरी आज भूगोल होणार नाही. आणि माना खाली घालून बसू नका, माझ्याकडे बघा.

परवा 26 डिसेंबरला वीर बाल दिवस झाला. याच वर्गातली मुलं हॉलमध्ये भाषणाला उभी राहिली. गुरू गोबिंदसिंगांच्या मुलांची, साहिबजाद्यांची, नावं तोंडपाठ, हातवारे पाठ, शेवटी ‘आपण त्यांच्यापासून प्रेरणा घेऊया’ हे वाक्यही सगळ्यांचं सारखंच. मी स्वतः टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर कंपनीच्या गेटबाहेर माल भरायची वाट बघत उभ्या असलेल्या ट्रकपाशी तुम्ही थांबलात. एक शीख ड्रायव्हर आडोशाला बसून पगडी बांधत होता. त्याला तुम्ही विचारलंत, “सरदारजी, बारा वाजले का?” एकदा विचारून पोट भरलं नाही, म्हणून पुन्हा पुन्हा ओरडलात. त्याचा व्हिडिओ काढलात आणि रात्री वर्गाच्या ग्रुपवर टाकलात. ज्याला भाषणात पहिलं बक्षीस मिळालं, त्याचाच आवाज त्यात सगळ्यांत मोठा आहे.

“बाई, गंमत केली.” सकाळी मला हे उत्तर मिळालं. ज्याची केली त्याला हसू आलं का? तो माणूस वयाने तुमच्या वडिलांएवढा. घरापासून दोन हजार किलोमीटर लांब, भाषा परकी, अवतीभवती ओळखीचं कुणी नाही आणि केस मोकळे. शीख माणसासाठी केस आणि पगडी म्हणजे त्याचा धर्म, त्याची अब्रू. नेमक्या त्या वेळी तुम्ही सगळे मिळून त्या एकट्याला घेरलंत. याला गंमत म्हणत नाहीत. हा भेकडपणा आहे. तो तुमच्या अंगावर धावून आला नाही, हा त्याचा संयम. तुम्ही मात्र तो घाबरला असं समजून आणखी जोरात हसलात.

ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांच्याशी मी त्यांच्या पालकांसमोर बोलणार आहे. आत्ता मला उरलेल्यांशी बोलायचं आहे. ग्रुपवर सगळा वर्ग आहे. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. कुणी हसरे चेहरे टाकले, कुणी काहीच टाकलं नाही. ‘हे चूक आहे, काढून टाक’ एवढे पाच शब्द एकानेही लिहिले नाहीत. मला रात्री झोप लागली नाही ती यामुळे.

भाषणात तुम्ही सरहिंदची गोष्ट सांगितलीत, पण अर्धीच. उरलेली आज ऐका.

1704 चा डिसेंबर. आनंदपूरचा किल्ला सोडून गुरू गोबिंदसिंग बाहेर पडले. सरसा नदीला पूर होता. तिथे कुटुंबाची ताटातूट झाली. थोरले दोघे, अजितसिंग आणि जुझारसिंग, वडिलांबरोबर चमकौरला पोहोचले आणि तिथल्या लढाईत पडले. जुझारसिंगाचा जन्म 1691 चा, म्हणजे तो तुमच्याच वयाचा होता. धाकटे दोघे आजीबरोबर राहिले, माता गुजरींबरोबर. परंपरा सांगते, की घरच्याच जुन्या स्वयंपाक्याने, गंगूने, त्यांना आसरा दिला आणि मग सरकारी माणसांच्या हवाली केलं. सरहिंदच्या ठंडा बुर्जात भर थंडीत त्यांना ठेवलं. सुभेदार वझीर खानाच्या कचेरीत दोघांना उभं केलं. धर्म सोडा, सगळं मिळेल, नाही तर मरा. जोरावरसिंग चौथीत बसायच्या वयाचा आणि फतेहसिंग त्याच्याहूनही लहान, तुमच्या पहिलीतल्या भावंडांएवढा. दोघे नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. त्यांना भिंतीत चिणायचा हुकूम झाला. बातमी ऐकून आजीनेही बुर्जातच प्राण सोडला.

इथपर्यंत तुम्ही नीट सांगितलंत. पण त्या कचेरीत आणखी माणसं होती. दरबारी होते, काझी होते, पहारेकरी होते. वझीर खानाचा दिवाण सुच्चानंद तर म्हणत होता, सापाची पिल्लं आहेत, ठेचा. बाकीच्यांना ते पटलं असेल का? मला नाही वाटत. घरी लेकरं असणारी माणसं होती ती. पण सगळी गप्प बसली.

एक माणूस बोलला. मालेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान. तो गुरूंचा मित्र नव्हता. त्यांच्याविरुद्धच्या लढाईत तो वझीर खानाच्याच बाजूने उतरला होता, आणि त्याचा भाऊ त्या लढाईत मारला गेला होता. परंपरा सांगते, की वझीर खानाने त्याला म्हटलं, घे, भावाचा सूड घे. त्याने नकार दिला. वैर बापाशी आहे, या लेकरांचा काय गुन्हा, असं तो भर कचेरीत बोलला आणि उठून गेला. मुलं वाचली नाहीत. तरीही त्याचं बोलणं वाया गेलं नाही. शिखांनी ते तीनशे वर्षं जपलं. मालेरकोटल्यात आज त्या बोलण्याच्या नावाने गुरुद्वारा उभा आहे. 1947 मध्ये आजूबाजूचा पंजाब कापाकापीने पेटलेला असताना मालेरकोटल्याला धक्का लागला नाही, आणि तिथली माणसं त्याचं कारण म्हणून आजही या नवाबाचंच नाव घेतात.

आता हिशोब करा. घात करणारा गंगू हिंदू, ठेचा म्हणणारा सुच्चानंद हिंदू, हुकूम देणारा वझीर खान मुसलमान आणि लेकरांसाठी उभा राहिलेला शेर मोहम्मदही मुसलमान. लेकरांच्या अंत्यसंस्कारासाठी सोन्याच्या मोहरा अंथरून जागा मिळवणारा टोडरमलही शीख नव्हता. तेव्हा ही गोष्ट सांगताना कुणी एखाद्या धर्माकडे बोट दाखवायला लागला, तर त्याला गोष्ट कळलेली नाही. सोलापूरच्या मुलांना तरी हे वेगळं शिकवायची गरज पडू नये. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेले आपले चौघे आठवा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार हुतात्मा पुतळ्यांवरून तुमची बस जाते.

‘प्रेरणा घेऊया’ म्हणालात ना? कसली घेणार? इथे आपल्या चिंचोळीत तुम्हाला कुणी भिंतीत चिणणार नाही. देवाने तशी वेळ कुठल्याच लेकरावर आणू नये. तुमच्या वाट्याला शेर मोहम्मदाची वेळ येणार आहे. रोज येणार आहे. आपलीच माणसं, आपलेच मित्र चुकत असताना तोंड उघडायची वेळ. त्याला सुभेदाराचा राग पत्करावा लागला. तुम्हाला फार तर कुणी ग्रुपमधून काढलं असतं, दोन दिवस डब्यात कुणी वाटेकरी झालं नसतं. तेवढंही तुम्हाला झेपलं नाही.

आणि ही एका दिवसाची गोष्ट नाही. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलाचे आईवडील कामासाठी बिहारहून इथे आले. त्याला नावाने हाक मारणारे किती जण आहेत या वर्गात? ‘ए भैया’ म्हणता. मी ऐकते. तो आता उत्तरं येत असूनही हात वर करत नाही, हेही मी बघते. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे वडील इथल्याच कारखान्यांत पाळीवर जातात. त्यांनी दिवसभर राबून तयार केलेला माल देशभर पोहोचवायला असाच कुणीतरी रात्ररात्र स्टिअरिंगवर जागतो. उद्या तुमच्यातला कुणी कामासाठी लुधियान्याला गेला आणि तिथल्या पोरांनी त्याच्या बोलण्याची अशीच टर उडवली, तर घरी फोन करून काय सांगाल?

मी यंदा साहिबजाद्यांवर नाटक बसवू दिलं नाही, म्हणून तुम्ही रुसला होतात. गुरूंच्या घरातल्या माणसांचं सोंग कुणी आणावं हे शिखांना मान्य नाही, हे कारण मी तेव्हाही सांगितलं होतं. ज्यांचा आदर करायचा त्यांच्या रीतीने करायचा असतो. ते तुमच्या कानावरून गेलं.

आता काय करायचं ते ऐका. व्हिडिओ आज संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलमधून जाईल. ज्यांनी पुढे पाठवला, ते ज्याला पाठवला त्याच्याकडे जाऊन काढून घेतील आणि का काढायचा हे स्वतःच्या तोंडाने सांगतील.

आणि सहल. गोव्याची सहल रद्द. आपण नांदेडला जाणार आहोत. 1708 साली गुरू गोबिंदसिंग तिथे गोदावरीकाठी आले, आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. माधोदास नावाचा बैरागी त्यांना तिथेच भेटला, बंदासिंग बहादूर झाला, पंजाबात गेला, आणि मे 1710 मध्ये छप्परचिरीच्या लढाईत वझीर खान पडला. सरहिंदचा जाब विचारायला माणूस निघाला तो आपल्या महाराष्ट्रातून. हे तुमच्या एकाही भाषणात नव्हतं.

तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात पाय धुऊन, डोकं झाकून आत जायचं. लंगरमध्ये पंगतीत शेजारी जो बसेल त्याच्या मांडीला मांडी लावून जेवायचं आणि जेवून झाल्यावर भांडी घासायला बसायचं. तिथे कुणी तुम्हाला गाव, जात, भाषा विचारणार नाही. नावं शनिवारपर्यंत द्या. ज्यांनी व्हिडिओ काढला, त्यांची मी आधीच लिहिली आहेत.