मागच्याची हवा

चाकणच्या आसपासच्या गावांत ज्या दारापुढं पूर्वी बैलजोडी बांधलेली असायची, तिथं आता पिकअप उभी असते. जमिनी एमआयडीसीत गेल्या. आलेल्या पैशातून कुणी बंगला बांधला, कुणी खोल्या काढून कामगारांना भाड्यानं दिल्या, कुणी गाडी घेतली. आमच्याकडं गाडी आली. 2018 चं मॉडेल, डिझेल, बीएस-4. एका कारखान्यातले सुटे भाग दुसऱ्या कारखान्यात पोचवायचे आणि कांद्याच्या दिवसांत चाकणच्या मार्केटला कांदा न्यायचा. चालवतो पुतण्या. बँकेचा हप्ता मात्र दोघांच्या डोक्यावर.

दोन-तीन वर्षं गाडी गुणाची चालली, मग ओढेना झाली. भरल्या गाडीला जरा चढ लागला की दुसरा गिअर. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. मेस्त्रीनं स्कॅनर लावला आणि सांगितलं, एअर फ्लो सेन्सर.

एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडं जाणाऱ्या नळीवर, दोन स्क्रूंनी बसवलेला हा प्लास्टिकचा लहानसा तुकडा. आत एक पातळ पापुद्रा असतो, तो विजेवर तापलेला. वरून हवा गेली की तो निवतो, बशीतल्या चहावर फुंकर मारल्यासारखा. त्याला पुन्हा तेवढंच गरम ठेवायला किती वीज लागली, यावरून आत किती हवा गेली ते कॉम्प्युटरला कळतं, आणि त्या हिशेबानं डिझेल सुटतं. आमच्या भागातली धूळ पापुद्र्यावर बसली की तो खोटं सांगायला लागतो. हवा कमी आली म्हणतो, आणि कॉम्प्युटर हात आखडतो.

मेस्त्री माणूस सरळ. नवा पार्ट गळ्यात मारण्याआधी त्यानं सगळ्या नळ्या चाचपल्या, कारण टर्बोची होज फाटली तरी गाडी अशीच मरगळते. फिल्टर झटकला. सेन्सर स्प्रेनं धुतला, आत बोट लागू न देता वाळवला. रेस केली तरी स्कॅनरवरचा आकडा हवा तसा चढेना. मग म्हणाला, "नाना, नवा टाकायचा तर पाच हजार धरा. नाहीतर कपलर काढून ठिवतो. कॉम्प्युटर अंदाजानं चालवंल, पण गाडी पळंल. ईजीआरची कटकटपण मिटंल. दिव्याचं मी बघतो."

ईजीआर म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. जळून बाहेर पडणारा थोडा धूर परत इंजिनात घ्यायचा, म्हणजे आतली आग फार भडकत नाही आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. ही ऑक्साइडं छातीला वाईट, आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन बनतो तोही वाईट. किती धूर परत घेतला, हे कॉम्प्युटरला ताज्या हवेच्या मापावरूनच समजतं. सेन्सर काढला की माप गेलं, आणि बऱ्याच गाड्यांत ईजीआर बंद पडतो. गाडीवाल्याला उलट बरंच वाटतं. इंजिनात काजळी कमी धरते, गाडी हलकी चालते.

म्हणजे डिझेल गाडीतला हा सेन्सर निम्मा माझ्या कामाचा आणि निम्मा माझ्या मागून येणाऱ्याच्या कामाचा. माझं काम कपलर काढूनही भागत होतं. राहिलेल्या निम्म्यासाठी पाच हजार मोजायचे का, एवढाच प्रश्न. ऐकायला बारीक आहे, पण हप्त्याच्या आठवड्यात बारीक राहत नाही.

पुतण्यानं आधी पीयूसीचं काढलं. "पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून नुसता धूर बघतो नाना, काळा किती ते. तुमची ती नायट्रोजनची भानगड तिथं मोजतच न्हाईत. कोण धरणारंय?" हे खरं आहे. डिझेलच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, ऑक्साइडं नाहीत. डोळ्याला दिसत नाही ते चिठ्ठीवरही येत नाही.

मग त्यानं कंपन्यांचं काढलं, आणि त्यात दम होता. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 पासून आपल्या चाकणात आहे. 2015 च्या सप्टेंबरात त्या कंपनीचं बिंग अमेरिकेत फुटलं. गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे की रस्त्यावर, हे ओळखणारा प्रोग्राम डिझेल गाड्यांत घातला होता. यंत्रावर गाडी सभ्य, रस्त्यावर मोकाट. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या. त्याच डिसेंबरात भारतातल्याही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. इथला नियम मोडलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. इंजिनिअरांची फौज लावून जे केलं, ते आमचा मेस्त्री दोन बोटांनी करणार होता, तेही फुकटात. "त्यांनी एवढं केलं, जमिनी आपल्या गेल्या, धूर आपल्या उशाला, आणि पाच हजार आपणच घालायचे?" पुतण्या म्हणाला. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. लहानानं मोठ्याच्या आधी शहाणं का व्हावं, हे मला कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

मला आठवत होता तो पाट. पाण्याला बारी असायची. वरच्यानं रात्री गुपचूप दारं मोडून पाणी घेतलं, तर खालचा पहाटे खोरं घेऊन बांधावर हजर. भांडण व्हायचं, डोकीसुद्धा फुटायची, पण खालच्याला तोंड होतं आणि नाव होतं. आमच्या गावात पाण्याची नीती होती असं म्हणतात, ती निम्मी त्या खोऱ्याच्या धाकाची होती असं माझं मत आहे. हवेला बारी नाही. मागचा माणूस खोरं घेऊन येत नाही, कारण आपल्या छातीत काय गेलं हे त्याला ठाऊकच नसतं. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा ठरवला. पण तो कुणाच्या गाडीचा, हे कोण सांगणार?

चाकणच्या तळेगाव चौकात सेकंड शिफ्ट सुटल्यावर उभं राहून बघा. कंटेनर, कंपनीच्या बसा, टेम्पो, आणि मधल्या फटींत दुचाकीवर तोंडाला रुमाल बांधलेली पोरं-पोरी. "आपली ताई येती ना त्याच रस्त्यानं कामावरनं," मी पुतण्याला म्हणालो. त्यानं लगेच पकडलं. "म्हंजी मागं ताई असंल तर सेन्सर, आन् बिहारचा पोरगा असंल तर कपलर काढायचा?" पोरगं बारावी नापास आहे, पण मी जे पुढं करत होतो ते नात्याचं गाजर होतं हे त्यानं ओळखलं. त्या चौकात मागचा माणूस दर दोन मिनिटांनी बदलतो. त्यातला कोणता आपला म्हणून निवडायचा? निवडता येत नाही म्हणूनच, मला वाटतं, त्याचं देणं टाळता येत नाही. पुतण्याला हे पटलं नाही. गाडी माझ्या नावावर असल्यामुळं निकाल मात्र माझा लागला.

काम दहा मिनिटांचं. चावी बंद केली, कपलर काढला, स्टारचे दोन स्क्रू, जुना बाहेर. नव्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो तो इंजिनाकडं आहे ना बघितलं, रबराची रिंग नीट बसवली, स्कॅनरनं जुना दोष पुसला. दिवा गेला. गाडी ओढू लागली. कपलर काढूनही ओढलीच असती, हे पुतण्यानं मला त्याच संध्याकाळी दोनदा ऐकवलं. पुढच्या पीयूसीचा आकडा जवळपास मागच्यासारखाच आला. ती चिठ्ठी त्यानं माझ्या हातात दिली, काही बोलला नाही.

निम्मे पैसे त्यानं त्याच्या वाट्यातून द्यायचे ठरलं होतं. दोन महिने झाले, मी मागितले नाहीत.