मळ आणि वय

जुन्या वस्तूवर प्रेम करणारा मनुष्य प्रेमानेंच तिचा नाश करूं शकतो काय, असें कोणी विचारलें तर आपण सहज ‘नाहीं’ म्हणूं. मींहि तसेंच म्हटलें असतें. परंतु माझ्या मेजावर पडलेली एक शिवराई मला तसें म्हणूं देत नाहीं.

ती आमच्या देवघरांतील डब्यांत पिढ्यान्‌पिढ्या होती. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें काळसर हिरवट थरांतून मंदपणें दिसत. लहानपणीं एका सणाच्या आदल्या दिवशीं मीं पूजेच्या उपकरणांबरोबर तीहि चिंच व राख लावून घांसली. शिवराई लखलखली, मात्र ‘छत्रपति’ गेलें. माझ्या भक्तीविषयीं शंका नको. हेतु शुद्ध आणि कृत्य घातक, असा तो प्रसंग होता. आणि नीतीच्या दृष्टीनें विचार करण्याजोगे प्रसंग बहुधा असेच असतात.

तांब्यावर चढणारा तो थर बाहेरून येऊन चिकटलेला नसतो. धातु, हवा आणि ओलावा यांच्या दीर्घ सहवासानें खुद्द तांब्याचेंच झालेलें तें रूपांतर होय. नाण्याची मूळ पातळी, आणि तिजबरोबर अक्षरांची कड, पुष्कळदां त्या थरांतच टिकून राहिलेली असते. चिंचेचें आम्ल तो विरघळवितें व राख उरलेलें खरडून नेते. मळ काढला असें आपण समजतों. पण निघतें तें वय.

तर मग जुन्या नाण्यास हातच लावूं नये, असा नियम करावा काय? तोहि पुरा पडत नाहीं. तांब्याच्या किंवा कांशाच्या नाण्यावर कधीं कधीं फिकट हिरवी भुकटी फुटूं लागते. धातूंत मुरलेल्या क्लोराइडचा तो रोग असून, ओलावा मिळत राहिला कीं तो नाणें पोखरीत जातो. अशा वेळीं स्वस्थ बसण्यास आदर म्हणतां येणार नाहीं. रोगी नाणें वेगळें काढून कोरडें ठेवावें व जाणत्याच्या हातीं द्यावें. निरोगी नाण्यावरील माती ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजवून सोडवावी, न घांसतां टिपून तें पूर्ण वाळवावें, आणि धरतांना कडेनेंच धरावें. कारण बोटांच्या घामांतील क्षारहि डाग पाडतात. तेव्हां करणें किंवा न करणें यांपैकीं कशांतहि स्वभावतः पुण्य नाहीं. मी हें नाण्यासाठीं करीत आहें कीं माझ्या डोळ्यांच्या समाधानासाठीं, हा पहिला प्रश्न. आणि चूक झालीच तर ती परत फिरवितां येईल काय, हा दुसरा.

१९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. तीं १३,००० हून अधिक होतीं, आणि त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप उठविलेला होता. विजेत्यानें पराभूताच्या मुखावर आपलें चिन्ह ठोकलें, तरी खालची मुद्रा सर्वस्वीं बुजली नाहीं. म्हणून आज एकाच नाण्यावर दोन राजे वाचतां येतात. त्यांत सातकर्णीचें औदार्य होतें असें मी म्हणत नाहीं. पण शत्रूच्या घणाखालीं जेवढें उरलें तेवढें माझ्या भक्तीखालीं उरलें नाहीं, ही गोष्ट मनास बोंचते.

थोर पुरुषांच्या चरित्रांचेंहि असेंच आहे. मागाहून चिकटलेली खोटी आख्यायिका हा मळ. ती अवश्य दूर करावी. परंतु त्या पुरुषाचे दोष, त्याच्या शंका, त्याचे फसलेले बेत यांस मळ समजून जो चरित्रकार घांसूं लागतो, त्याच्या हातीं शेवटीं गुळगुळीत चकती तेवढी राहते. ती चकाकते खरी, पण कोणाची तें सांगतां येत नाहीं.

ती शिवराई माझ्या मालकीची होती; तिच्यावरील अक्षरें मात्र माझ्याकडे केवळ ठेव म्हणून आलीं होतीं. मीं ती टाकून दिलेली नाहीं. नवें नाणें हातीं आलें कीं आधीं तिच्याकडे पाहतों, आणि मग हात सावकाश चालतो.