पाळकाचे घर

समाजकार्याला वाहून घेतलेल्या माणसाबद्दल लिहिताना ‘त्याने कुटुंबाची आणि समाजाची सारखीच सेवा केली’ असे सहज म्हटले जाते. परंतु समाजाच्या सेवेची किंमत कुटुंबाला मोजावी लागत असेल, तर काय करावे? मेनोनाइट पंथाच्या आरंभकाळात हा प्रश्न एका पाळकाच्या पत्नीपुढे उभा राहिला होता.

हा ख्रिस्ती पंथ सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या धामधुमीत आकारास आला. बाप्तिस्मा अजाण बालकाला नव्हे, तर समजून-उमजून श्रद्धा स्वीकारणाऱ्या प्रौढाला द्यावा, आणि ख्रिस्ताच्या अनुयायाने शस्त्र उचलू नये, ही त्याची शिकवण. फ्रीसलंडमधील कॅथलिक धर्मगुरू मेनो सिमन्स याने 1536 मध्ये आपले पद सोडले आणि या छळल्या जाणाऱ्या मंडळीचे पाळकत्व पत्करले. त्याने विवाह केला. पुढे पंथाला त्याचेच नाव मिळाले. 1539 मध्ये त्याला आसरा देणाऱ्या एका गृहस्थाला देहान्ताची शिक्षा झाली. 1542 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने मेनोला पकडून देणाऱ्यास 100 गिल्डरांचे इनाम जाहीर केले. बायको-मुलांना वर्षभर निर्धास्त ठेवता येईल अशी झोपडीही कोठे मिळत नाही, अशी व्यथा त्याच्या लेखनात आढळते.

1551 मध्ये मेनोने लेनार्ट बाउन्स याला मंडळीचा वडील म्हणून दीक्षा दिली. हे पद म्हणजे सततचा प्रवास आणि सततचा धोका. बाउन्सच्या पत्नीने मेनोला विनवले की, आपल्या पतीला यातून मोकळे करावे. 1553 च्या सुमारास मेनोने तिला पत्र लिहिले. त्याने तिच्या दुःखाची कदर केली, तिला धीर दिला. सुटका मात्र दिली नाही.

पुढे बाउन्सने, त्याच्याच नोंदींनुसार, दहा हजारांहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिला. 1582 मध्ये तो मरण पावला तो वधस्तंभावर नव्हे. मग पत्नीची भीती व्यर्थ होती, असे म्हणावे काय? फलितावरून असा निवाडा करता येत नाही. दारावर थाप पडली की दचकून उठण्यात गेलेल्या रात्री, पती सुखरूप परतल्याने, पुसल्या जात नाहीत.

खरी विसंगती याहून खोल आहे. श्रद्धेची शपथ ज्याची त्यानेच घ्यावी, ती कोणी कोणावर लादू नये, हा या पंथाचा गाभा. आणि तरीही एका माणसाने पत्करलेल्या पदाचा धोका त्याच्या मुलाबाळांवर आपोआप येऊन पडत होता. त्यांना कोणी विचारले नव्हते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक घराने आपला माणूस राखून ठेवला असता, तर मंडळीला पाळकच उरला नसता; आणि ज्या श्रद्धेवर ते घर उभे होते, तीही कोणा दुसऱ्या घराच्या असुरक्षिततेतूनच तेथवर पोहोचली होती.

मंडळीचा हक्क घरात किती दूरवर पोहोचतो, हे थोड्याच वर्षांत दिसले. एम्डेन येथे स्वाएन रुटगर्स या स्त्रीच्या पतीला मंडळीने बहिष्कृत केले आणि तिनेही त्याच्याशी संबंध तोडावा, असा आग्रह धरला. तिने नकार दिला. 1556 मध्ये मेनोने तिच्या बाबतीत सौम्यतेचा सल्ला दिला. पुढे मात्र तो कठोर मताच्या सहकाऱ्यांच्या बाजूला गेला. त्या सहकाऱ्यांत बाउन्सही होता. एका स्त्रीला पती मंडळीच्या कामासाठी सोडावा लागत होता, तर दुसरीने तो मंडळीच्या शिस्तीसाठी सोडावा, अशी अपेक्षा होती.

या दोघींच्या बाजूने पाहिले, म्हणजे पाळकाच्या समर्पणाचा एक निकष हाती येतो. जो शपथ घेतो, त्याच्याकडे समाजाने त्याग मागावा. त्याच्या घरच्यांनी जे सोसले, ते मात्र हक्क म्हणून नव्हे, तर ऋण म्हणून स्वीकारावे. ऋण मान्य करणाराच ते फेडण्याचा विचार करतो: पाळक घरी नसताना त्याच्या घरात धान्य आहे की नाही, हे पाहतो. मेनोने त्या स्त्रीला आज्ञा न पाठवता सांत्वनाचे पत्र लिहिले, यात या ऋणाची जाणीव दिसते. परंतु केवळ सांत्वनाने ऋण फिटत नाही. पाळकाने किती जणांना बाप्तिस्मा दिला, याची यादी इतिहासाने जपली आहे. त्या यादीचा काही भार त्याच्या घरानेही वाहिला होता.