वाशांतील भुंगा

काव्यांत ज्याचा गौरव करावा आणि घरांत ज्याच्यामागें केरसुणी घेऊन धांवावें, असा भुंग्यासारखा दुसरा प्राणी विरळा. कमळाभोंवतीं रुंजी घालणारा भ्रमर आणि पडवीच्या वाशाला भोंक पाडणारा काळा भुंगा हे दोन निरनिराळे जीव आहेत, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतलेली असते. जुन्या कवींची तशी समजूत नव्हती. कठीण लाकूड पोखरणारा भ्रमर कोंवळ्या कळींत मात्र बद्ध होऊन राहतो, हा दृष्टांत संस्कृत सुभाषितांत आहे. आणि ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायांत स्वजनांच्या स्नेहानें विकल झालेल्या अर्जुनासाठीं तो योजिलेला आहे. भुंगा लाकूड पोखरतो हें या मंडळींना पुरतें ठाऊक होतें. ज्याचें लाकूड पोखरलें जातें त्या घरधन्यानें काय करावें, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढें नव्हता. तो आमच्यापुढें येऊन उभा राहिला.

कोंकणांतील आमच्या जुन्या घराच्या पडवीला आंब्याचे वासे आहेत. एका चैत्रांत त्यांच्याखालीं रोज सकाळीं पिंवळट भुसा पडलेला दिसूं लागला. वर पाहावें तों करंगळी आंत जाईल एवढें, सुतारानें गिरमिटानें पाडावें तसें वाटोळें भोंक! दोन वर्षांत एकाचीं पांच भोंकें झालीं. शेवटीं एके दिवशीं संध्याकाळीं आम्हीं शिडी लावून पांचहि भोंकांत सिमेंट ठांसून भरलें आणि समाधानानें जेवावयास बसलों. त्या रात्रीं दिवे मालवल्यावर वाशांतून कुरतडल्याचा आवाज येऊं लागला. मधूनमधून दबलेली गुणगुणहि ऐकूं येई. दुसऱ्या रात्रीं तो आवाज होता. तिसऱ्या रात्रीं थांबला. सकाळीं आमच्या लहान पुतणीनें विचारलें, "काका, तो भुंगा बाहेर गेला का हो?" "दुसऱ्या बाजूनें गेला असेल," असें आम्हीं उत्तर दिलें. दुसऱ्या बाजूला भोंक नव्हतें, हें आम्ही तत्पूर्वींच पाहून आलों होतों.

एका किड्याच्या मरणाचा एवढा बाऊ कशाला, असें कोणी म्हणेल. डांस, ढेंकूण, वाळवी यांना आपण नित्य मारतों आणि त्यांची आठवणहि ठेवीत नाहीं. परंतु आमच्या मनाला लागलें तें मरण नव्हे, तें उत्तर. डांस मारल्याचें आम्हीं कोणत्याहि मुलापासून कधीं लपविलें नव्हतें. जें कृत्य योग्य वाटतें त्याच्याविषयीं लहान मुलाशीं खोटें बोलावें लागत नाहीं. म्हणून या कृत्यांत कोठें चुकलें हें शोधणें आम्हांला भाग पडलें.

प्रथम भुंग्याची बाजू पाहूं. वाळवी लाकूड खाते, भुंगा खात नाहीं. त्याचा आहार फुलांतील मध व पराग. लाकूड पोखरते ती मादी, आणि तें संसारासाठीं. भोंक पाडून थोडें आंत गेल्यावर ती काटकोनांत वळते व लांकडाच्या रेषेनें बोगदा कोरीत जाते. त्यांत पराग व मध यांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडें घालावयाचें, भुशाचा पडदा उभारावयाचा, पुन्हा गोळा आणि पुन्हा अंडें, असा तिचा क्रम असतो. अंडीं मोजकींच, परंतु कीटकसृष्टींत फार मोठ्या आकाराचीं. आपल्या तोंडासमोर घिरट्या घालून भीति दाखवितो तो बहुधा नर; त्याला नांगी नसते. मादीला असते, परंतु हातीं धरल्यावांचून ती सहसा डंख करीत नाहीं. शिवाय परसांतील शेवग्याचा व रुईचा पराग हे भुंगे वाहून नेतात. आणि वांग्याच्या फुलांतील जो पराग मधमाशीला काढतां येत नाहीं, तो ते अंगाच्या थरथरीनें झाडून घेतात.

आतां दुसरी बाजू. भुंग्याच्या मनांत अपराध नाहीं, म्हणून वाशाची हानि खोटी ठरत नाहीं. जुना बोगदा पुढच्या पिढ्या पुन्हा वापरतात व वाढवीत नेतात. त्यांत पावसाचें पाणी शिरलें म्हणजे लाकूड कुजूं लागतें. ज्याच्या छपराखालीं म्हातारीं माणसें व मुलें निजतात, त्यानें वासे पोखरूं देऊन स्वतःला दयाळू म्हणविणें हें दुसऱ्याच्या जिवावर केलेलें पुण्य होय. आणि भुंगा उपयोगी म्हणून तो राखावा, हा युक्तिवादहि आम्हांला पुरेसा वाटत नाहीं; कारण मग ज्याचा उपयोग आपल्याला कळला नाहीं, त्याला मारण्याची मुभा आपोआपच मिळते.

मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरांतील पांच 'सूना', म्हणजे हिंसेचीं स्थानें, सांगितलीं आहेत: चूल, जातें, केरसुणी, उखळ व पाण्याचा घडा. घर म्हटलें कीं हिंसा आलीच, ही यांतील प्रांजल कबुली आम्हांला फार मोलाची वाटते. तिच्या निष्कृतीसाठीं जे पंचमहायज्ञ सांगितले, त्यांत इतर जीवांना त्यांचा वांटा देण्याचा भूतयज्ञहि आहे. परंतु या कबुलीचा आधार घेऊन वाटेल त्या हिंसेला अटळ म्हणतां येणार नाहीं. चुलीवांचून अन्न शिजत नाहीं. सिमेंटावांचून आमचा वासा वांचला नसता काय?

वांचला असता. भुंगा बहुधा उघडें, कोरडें, रंग न दिलेलें लाकूड पसंत करतो. वडिलांच्या हयातींत वाशांना काजूच्या टरफलांचें तेल वेळच्या वेळीं लागत असे. पुढें तें आमच्या हातून राहून गेलें. म्हणजे भुंग्यानें घर केलें तें वाशांत खरें, पण आधीं आमच्या आळसांत. आपल्या हयगयीची शिक्षा आम्हीं त्याला दिली, आणि तीहि आंत कोणी आहे कीं नाहीं हें न पाहतां. चूक होती ती येथें. घर राखण्याचा हक्क आम्हांला आहेच. परंतु तो गरजेपुरताच आहे, आणि गरज किती हें ठरविण्यापूर्वीं स्वतःचें कर्तव्य पार पाडलेलें असलें पाहिजे. त्यानंतरहि मारण्याचाच प्रसंग आला, तर तो डोळे उघडे ठेवून पत्करावा व विचारणाऱ्याला खरें सांगावें.

यंदा वाशांना तेल दिलें आहे. परसांत सुक्या बांबूचे तुकडे टांगले. त्यांतल्या दोहोंत भुंगे राहावयास आले आहेत. एका मादीनें मात्र पडवीच धरली व वाशाच्या टोंकाशीं नवें भोंक पाडलें. तिचीं पिलें उडून गेलीं आणि बोगदा रिकामा झाला, अशी अनेक दिवस पाहून खात्री करून घेतल्यावरच आम्ही त्यांत लांकडी खुंटी बसविणार आहों. पुतणीला त्या रात्रीचें खरें काय तें सांगितलें. "मग तेव्हां खोटें कां सांगितलेंत?" असें तिनें विचारलें. भुंग्याच्या प्रश्नाला थोडेंबहुत उत्तर सांपडलें, पण तिच्या या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें.